मास्तरांच्या टीव्हीतली गर्दी

२० सप्टेंबर १९८६, शनिवार

वासू, रागावू नकोस. गणपती गेले तेव्हापासून इथे एक अक्षर लिहिलं नाही. तू बोटीवर चढलास तेव्हा ठरलं होतं, घरचं रोजचं लिहून ठेवायचं, तू आलास की वाचशील. पण लिहू काय? भात पसवलं, लोंब्या आल्या. पाऊस हटत नाही. पोस्टमन थांबत नाही. तेच तेच. हात चालेना.

आज कारण झालं. शेजारी मास्तरांकडे टीव्ही आलाय, मुंबईच्या मुलाने पाठवलेला. पोफळीच्या खांबावर एरियल चढवलीय, आमच्या मागच्या खळ्यातून दिसते. आजपासून एशियाड. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, जाणारही नव्हतो. पण मास्तर कुंपणावरून म्हणाले, "आबा, या बघायला. थेट कोरियातून दाखवणार आहेत."

कोरिया!

तुझं शेवटचं पत्र मे महिन्यातलं. 'पुढची खेप बहुतेक कोरिया, नाही तर परत आखात. नक्की नाही.' आखातात ते दोन देश लढतायत आणि मधल्या मध्ये तेलाच्या बोटी जळतायत. रेडिओ सांगतो. म्हणजे तू कोरियात असायला हवास. हवासच.

गेलो. अर्धी वाडी आत. चित्र कसलं, मुंग्यांनी भरलेलं. झेंडे घेऊन माणसं चालत होती. आपले आले तेव्हा मास्तर उभे राहिले, सगळ्यांना उभं केलं. मी मागची माणसं बघत होतो. ओळीवर ओळी, माणसंच माणसं. पांडू जवळच बसलेला. आज होडी काढली नाही त्याने.

"आबानू, खेळ हडे चललो आसा, तुमी खंय बघतास?"



२१ सप्टें.

सुनंदा येत नाही. म्हटलं, "चल गो, सगळी बायकामाणसं येतात." ती खोबरं किसत होती. मान वर न करता म्हणाली, "जेका बघूचा तो दिसाचो नाय. मगे कित्याक बघू?"

म्हटलं, कोरिया आहे तो.

"ते कोरियात आसत म्हणान कोणी लिवन दिल्यान?"

बरोबर आहे तिचं. पण सुनेने सासऱ्याला असं तोंडावर बोलावं का? रात्री भात पानात तसाच राहिला.

तिची एक गोष्ट तुला सांगतो. पोस्टमनची सायकल वाजली की ती न्हाणीघरात जाते. तो पुढे निघून गेला की बाहेर येते. हातपाय कोरडेच.

२३ सप्टें.

वारा. एरियल फिरते. मास्तरांचा पोरगा छपरावर, बाकी सगळे आतून ओरडतात, "इला! इला! रे गेला!"

पोहण्याची शर्यत चालली होती. पांडू हसून हसून पडला. "हे येवडे पोवान गेले नि हात हलवत परत इले! माझो बापूस बुडालेला जाळा काढूक ह्येच्या दुप्पट पोवलो, त्येका कोणी पदक दिल्यान नाय."

मास्तर चिडले. "पांडू, देशाचं काही वाटतं का तुला?"

"वाटता तर. म्हणान तर हाकीची म्याच बघनंय नाय. आमचे हरतत ते बघवना नाय माका. जिंकले तर सांगा, पेढो खाऊक येतंय."

जो तो आपापलं बघतो. मास्तर पदकं बघतात. त्यांच्या सौ. तिथल्या बायकांची नेसणी बघतात. मी पायऱ्यांवर बसलेले लोक. कॅमेरा तिथे नेतात आणि लगेच परत खेळावर आणतात. जरा थांबा ना बाबांनो. सारखं खेळच काय बघायचे?

२४ सप्टें.

वासू, तू दिसलास.

तूच की नाही, ठाऊक नाही, पण दिसलास. तू उभा राहतोस तसा. एक हात मानेमागे धरून. कठड्याशी, दुसऱ्या की तिसऱ्या ओळीत. मी ओरडलोच, "वासू!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात चित्र परत खेळावर गेलं आणि तू गेलास.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "आबा, हजारो माणसं आहेत तिथे. त्यांच्यातही कोणी मानेवर हात ठेवतच असेल."

असेल. पण खलाशांना सुट्टी मिळते, बंदरातून गाडी करून येतात, हे मास्तरांना कुठे ठाऊक?

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पायरी चढेपर्यंत ठरवलं होतं की नाही सांगायचं. सांगून मोकळा. ती विळीवरून उठली. कधी नव्हे ते सरळ माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आंगात काय होता?"

"निळो शर्ट. जातना घातललो तोच."

ती आत गेली. जेवताना मला दोनदा भात वाढला.

२५ सप्टें.

सगळ्या वेळा बसलो. मानेवर हात ठेवणारा कोणी नाही. पितृपक्ष चालू, उद्या बापाचा म्हाळ, भटजींना सांगून आलो. भाज्या, अळू, वडे, सगळं सुनंदावर. रेडिओवर आखाताचं पुन्हा काहीतरी सांगत होते. सुनंदा होती, म्हणून बंद केला. ती म्हणाली, "कित्याक बंद केलास? आमचो थय नाय ना?"

चालू केला. तोवर बाजारभाव लागले होते.

२६ सप्टें.

म्हाळ. सांगायला लाज वाटते तरी लिहितो.

पानं मांडली, कावळ्याची वाडी घेऊन मागच्या खळ्यात गेलो. केळीच्या पानावर भात, वडा, खीर. कावळा होता. पण कुठे? मास्तरांच्या एरियलवर! बसल्या बसल्या झोके घेत होता. मी हात जोडून खाली उभा. "ये रे बाबा, ये. काय इच्छा रवली सांग. वासू सुखरूप घरी पोचलो काय तुझ्या नावान देवळात समई लावतंय." कावळा ढिम्म. इकडे तिकडे मान वळवतो.

तेवढ्यात मास्तरांच्या घरातून, "अरे चित्र गेलं! कोण बसलंय बघा एरियलवर! हाकला तो कावळा!"

"हाकलू नको!" मी इकडून. "मास्तरानू, माझो म्हाळ आसा! हाकलू नकात!"

"आबा, शेवटची फेरी चाललीय!"

"माझ्या बापाशीची वाडी आसा!"

छपरावरून खडा आला. कावळा उडाला तो समुद्राकडे. मग आलाच नाही. भावकी जेवायला ताटकळलेली, सगळे कुजबुजायला लागले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला, म्हणाले चालतं. मी विचारलं, खरंच चालतं? म्हणाले, शास्त्रात आहे. मला चालत नाही. बापाला काय ठाऊक असेल जे मला नाही? तुझं काही—

नाही लिहीत.

मास्तर संध्याकाळी स्वतः आले. हात धरून म्हणाले, "चुकलं आमचं. मुलगा आहे, कळलं नाही त्याला." मी म्हटलं असू दे. पण टीव्हीला जाणार नाही आता.

२८ सप्टें.

गेलो नाही. मागच्या खळ्यात बसून एरियलकडे बघत राहिलो. कावळा आला नाही. पलीकडून टाळ्या ऐकू येतात. आपलं कोणी जिंकलं की काय. प्रत्येक टाळीला वाटतं, आता गर्दी दाखवत असतील.

पांडू आला. "आबानू, तुमी येवक नाय तर माका करमना नाय. मास्तर माका एकट्याकच बोलतत." हसवायला बघतो बिचारा. त्याचा साडू मुंबईला गोदीत असतो, कंपनीच्या हापिसात जाऊन बोट कुठे आहे ते विचारायला सांगितलंय त्याला. मागे मी लिहिलं होतं तर उत्तर आलं, 'बोट प्रवासात आहे.' ते मलाही ठाऊक आहे.

३० सप्टें.

दुपारी सुनंदा दिसेना. विहिरीवर नाही, परसात नाही. मास्तरांच्या पडवीत तिची चप्पल.

मी कुंपणाशी उभा. आत जाववेना, घरात बसवेना. म्हटलं बघू दे तिला. दिसला तर तिला दिसू दे.

बऱ्याच वेळाने आली. चुलीपुढे बसली. जाळ घालता घालता म्हणाली, "बाबानू."

"काय गो?"

"त्या टीव्हीत रंग नाय. सगळा काळा नि पांढरा."

वासू, मला त्या क्षणापर्यंत हे सुचलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. एवढे दिवस बसलो तिथे, आणि मला निळाच दिसला. ती बोलेल, ओरडेल, रडेल म्हणून मी खाली मान घालून बसलो. काय सांगणार होतो? मला निळा दिसला हे खरं आहे. टीव्हीत निळा नाही हेही खरं.

ती फुंकणीने फुंकत राहिली. मग म्हणाली, "एक माणूस माकाय दिसलो. मानेर हात नव्हतो. पण कान तसेच." आणि लाकूड आत सारून, "उद्या कितीक वाजता लागता?"

२ ऑक्टो.

आता दोघं जातो. ती बायकांत, मी दाराशी. आपली एक पोरगी धावण्यात पहिली आली, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. पांडू पेढा मागतोय. सुनंदा आणि मी टाळ्या वाजवायला उशीर केला. आम्ही दुसरीकडे बघत होतो. मास्तरांनी ते पाहिलं. नंतर गर्दी दाखवली की तेच म्हणायला लागले, "आबा, बघा, बघा, माणसं!"

५ ऑक्टो., रविवार

एशियाड संपलं. शेवटी सगळ्या देशांचे खेळाडू मैदानात मिसळून गेले, कोण कुणाचा कळेना. पायऱ्यांवरचे लोक रुमाल हलवत होते. मास्तरांनी टीव्ही बंद केला तेव्हा मधोमध एक पांढरा ठिपका राहिला. सुनंदा तो जाईपर्यंत बसून राहिली. बाकीचे उठून गेले.

वाटेत म्हणाली, "पुढचा कधी?"

"चार वर्सांनी म्हणतत मास्तर."

"आणि खंय?"

"ठावक नाय."

आज पांडूच्या साडूचा निरोप यायचा होता. आला नाही. उद्या येईल. उद्या पोस्टमनचाही दिवस आहे. मी सुनंदाला सांगितलंय, सायकल वाजली की न्हाणीत जाऊ नकोस, मी पुढे जातो. ती म्हणाली, दोघं जावया.

कावळा आज संध्याकाळी परसात उतरला होता. घातलेला भात त्याने खाल्ला. पण म्हाळ उलटून गेला, आता त्याचा काय अर्थ घ्यायचा?

वासू, कोरियात असशील तर, आणि आखातात असशील तरीही, वाट न बघता चार ओळी टाक. बरा आहेस एवढं पुरे. आणि अंगात कुठल्या रंगाचा शर्ट आहे तेवढं लिही.