मामाचा दाखला

म्युन्सिंगन, ३ मार्च १९९६

चि. गॉटहिल्फ यास वाल्ट्राउटताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या सिल्केला मुलगा झाला! धर्मपिता मामाच हवा, दुसरं कुणी नको म्हणते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा. तू चर्चचा सभासद असल्याचा दाखला पाळकांना हवाय, त्याशिवाय धर्मपिता होता येत नाही, तेवढा धाड. आणि नवा कोट शिव, तो लग्नातला घालून आलास तर दारातूनच परत पाठवीन.

तुझी ताई

स्टुटगार्ट, ११ मार्च

ताईस सप्रेम सलाम. फार आनंद झाला. पण माझा गुडघा धरलाय गं, बाळाला घेऊन उभं कसं राहू? एखादा तरुण बघा. चांदीचा चमचा माझ्याकडून.

गॉटहिल्फ

म्युन्सिंगन, १५ मार्च

गुडघा? परवाच फोनवर डोंगर चढल्याच्या बढाया मारत होतास! इथे सिल्के रडतेय. लग्नाआधी मूल झालं म्हणून मामा नाक मुरडतोय, असं तिच्या मनानं घेतलंय. खरं काय ते लिही.

ताई

स्टुटगार्ट, १९ मार्च

ताई, शपथ, तसलं काही मनातसुद्धा आलं नाही. चार वर्षांपूर्वी मी सरकारी नोंदणी कचेरीत जाऊन चर्चच्या सभासदांतून नाव काढलं. सभासद म्हणून दर महिन्याला पगारातून चर्चचा कर कापला जायचा, तो जिवावर यायचा. देव काही पगाराची चिठ्ठी बघत नाही, म्हटलं. रविवारी जातो अजून, पण प्रभुभोजनाला उठत नाही. लाज वाटते. वाचलेल्या पैशातून स्वयंपाकघर नवं केलं. सिल्केला सांग, चुकलंय ते माझं.

तुझा गॉटहिल्फ

म्युन्सिंगन, २३ मार्च

कंजूष मेल्या! त्या स्वयंपाकघराचं मी गावभर कौतुक केलं! सिल्केला सांगितलं. आधी हसली, मग म्हणाली, मामा नसेल तर बाप्तिस्माच नको. जा पाळकांकडे, आणि मागतील ते मुकाट्यानं दे.

ताई

स्टुटगार्ट, २८ मार्च

ताईस सप्रेम सलाम.

काल गेलो. चेकबुक खिशात होतं. चार वर्षांच्या कराचे मागचे पैसे मागितले तर निम्म्यावर आणायचे, नाहीच ऐकलं तर हप्ते पाडून घ्यायचे, असं सगळं ठरवून गेलो होतो. पाळकांनी कॉफी दिली. माझा बाप्तिस्मा कुठे झाला ते विचारलं, परत सभासद होण्याच्या कागदावर सही घेतली आणि बराच वेळ माझा हात हातात धरून ठेवला. झालं. पैशाचं अवाक्षर काढलं नाही. मागितले असते तर भांडलो असतो गं, आणि मोकळा झालो असतो. बाहेर पायरीवर बसून ढसाढसा रडलो.

दाखला सोबत आहे. कोट शिवायला टाकलाय.

आहे तशी माया राहू दे.

तुझा गॉटहिल्फ