चपला घालूनच झोपते

प्रिय आईस,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग डोळे पूस.

भूकंपानंतर चर्चच्या अंगणात आम्ही मदत वाटतोय. ब्लँकेटांचे ढीग आलेत, पण माणसं मागतात चपला. घरं कोसळताना सगळी अनवाणीच पळाली. फादरनी स्वतःचे बूटही देऊन टाकले.

जमीन अजून हलते. दर हादऱ्याला घंटा आपोआप वाजायची आणि पोरं किंचाळायची, म्हणून फादरनी तिला पोतं गुंडाळलं. आता मी सारखी पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसते.

ओरडू नकोस, पण मी चपला घालूनच अंथरुणात शिरते.

तुझे गुडघे कसे आहेत? आणि तुझ्या उशाच्या वर, फळीवर ठेवलेली ती लोखंडी ट्रंक आजच खाली उतरवून घे. दादाला वेळ मिळेपर्यंत थांबू नकोस.

तुझी,
धाकटी