फोटोच्या कोपऱ्यातलं नाव

प्रिय गुंजन,

तलावाच्या पाळीवर धुकं, दोन सारस आणि धुक्यात विरघळत चाललेले आपले बाबा. एकाच कंपनीच्या फोनवेड्यांच्या ग्रुपवर तू टाकलेला तो फोटो अजून डोळ्यांपुढे तरंगतो. तेव्हा मी टाकणाऱ्याचं नाव न बघता फक्त कोपऱ्यात छापलेलं फोनचं नाव पाहिलं. ते आमच्या लाडक्या कंपनीचं नव्हतं.

"हा डब्बा घेऊन कायले आला बे इथं? चल, निघ!"

टोपणनावानं हे लिहिणारा मीच होतो. जातीच्या भिंती पाडा म्हणून सभा गाजवणारा मी, फोनची जात पाहत होतो! लिहून झाल्यावर नीट पाहिलं, तेव्हा बाबा दिसले.

आज तेरवीसाठी काकांनी बाबांचा शेवटचा फोटो मागितला. तू म्हणालीस, "बेकार होता तो. पुसून टाकला मी."

बेकार नव्हता, गुंजन.

ग्रुपवर तू ब्लॉक केलेला,
तुझा भुपेंद्रदादा