आसूढाळ शिंगराची किंमत

मी, चतुराबाई भ्र. रखमाजी काळवणे, वय पासष्टाच्या वर, राहणार मौजे खडकाळी, तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दाबाखाली न येता हा कागद करते. मला सहीपुरतं येतं. बाकीचं धर्मराज मास्तर माझ्या तोंडचं उतरून घेऊन राह्यले. सध्या मी मोठ्या खुशीत आहे. मला नात झाली. आष्टीला सून कौसल्या हिच्या माहेरी जाऊन पाहून आले. नाक थेट माझं, रडणं तिच्या आजोबाचं.

कलम १. घर आणि ओढ्याकडचं शेत माझा एकुलता मुलगा कारभारी याला. त्यात माझी काही तक्रार नाही.

कलम २. तांब्याचा हंडा माझी जाऊ तुळजाबाई हिला. लग्न झाल्यापासून मागून राह्यली. घे बाई. बुडाला भोक आहे, मंग सांगितलं न्हाई म्हणू नको.

कलम ३. वरातीची घोडी मी माझ्या पाटल्या मोडून घेतली, तेव्हा ती आणि तिचं शिंगरू बिलकुल माझं. घोडी कारभारीला. दीड वर्षाचं कुमैत, म्हणजे काळसर तांबड्या रंगाचं, शिंगरू माझ्या नातीला. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही, म्हणून 'कौसल्येची पोरगी' असं धरावं.

शिंगराच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. त्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर धन्याला रडवतं, अशी समजूत. मालेगावच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात नेलं तर गिऱ्हाईक मानेवरून हात फिरवायचं, चाल पाहून खूश व्हायचं, डोळ्यापाशी आलं की पुढं निघून जायचं. फुकटही कोणी नेईना.

मंग कारभारीनं विमा काढायला अंबडहून गुरांचे डॉक्टर आणले. त्यांनी दात पाहिले, उंची मोजली, दुडकी चालवून पाहिलं आणि किंमत लिहिली दोन हजार. मीच म्हणले, साहेब, ते आसूढाळ आहे. ते हसले. "आजी, भोवऱ्यानं जनावर मरत न्हाई." मला इतकं बरं वाटलं की त्यांना दुधाचा चहा दिला. विमा माझ्याच नावावर झाला.

त्यानंतर कारभारी त्याच्या दोस्ताला, तातेरावला, ओट्यावर बसून सांगत होता, "जित्त्याला गिऱ्हाईक न्हाई. मेल्याचे दोन हजार." मी आत भाकरी थापत होते. दुसऱ्या दिवशी शिंगराच्या गवतात कन्हेरीचा पाला बारीक चिरून मिसळलेला सापडला. घोड्याला ते विष. आमच्या घरी पाला इतका बारीक मेथीचाही कोणी चिरत नाही. मास्तरांनी विचारलं, हे लिहू का. मी म्हणले, लिहा.

पोरगीही भोवऱ्यामुळेच झाली असं कारभारी म्हणतो. बायकोला आणायला अजून गेला नाही. पोरगा होईपर्यंत तिला या घरचा एक पैसा द्यायचा नाही, अशी त्यानं खंडोबाची शपथ घेतली आहे.

कलम ४. म्हणून शिंगरू रोगानं, सापानं, विहिरीत पडून किंवा आपोआप, कसंही मेलं तरी विम्याची सगळी रक्कम कारभारीनं स्वतः सून कौसल्या हिला आष्टीला नेऊन हातात द्यावी. नात मोठी होईपर्यंत शिंगराला कारभारीनं सांभाळावं. जगवायचं की शपथ मोडायची, त्यानं पाहावं.

कलम ५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. तोवर माझं शिंगरू राहत न्हाई. म्हणून काल संध्याकाळी वरची चारी कलमं मारुतीच्या पारावर मास्तरांकडून मोठ्यानं वाचून घेतली. कारभारी खाली मान घालून म्हणला, "माय, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई." मी म्हणले, "नातीला घेऊन ये. तिचं तोंड दाखव."

आज सकाळी शिंगराचे भिजवलेले हरभरे त्यानंच आणले. मी म्हणले, "आधी तू मूठभर खा."

माझ्यासमोर उभा राहून खाल्ले. मंगच मी टोपली शिंगरापुढं सरकवली.

ठिकाण : खडकाळी
तारीख : १२ डिसेंबर १९७६

सही : चतुराबाई भ्र. रखमाजी काळवणे
साक्षीदार : १. कचरू लोहार (अंगठा) २. भिवा कोतवाल (सही)
लिहिणार : धर्मराज मास्तर

वरची चारी कलमं पारावर ऐकली. मान्य.
कारभारी रखमाजी काळवणे (सही)