ओट्यावरचा चहा

तात्या, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमचा आजार मला आत्ता कळतोय. बारामतीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, तेव्हा हात थरथरणार एवढंच मी धरून बसलो. लेथ मशीन तुमच्याकडं, बाकी इंग्रजीपर्यंत सगळं स्वतः शिकलेला माणूस मी. अर्धवट माहितीवर काम करणाऱ्याला दारात उभं करत नाही. तुमच्या बाबतीत मात्र मीच ते केलं.

वालचंदनगरला कारखान्यात तुमच्या, वडिलांच्याच, हाताखाली होतो, तेव्हा तुमचा नियम होता, लेथवरचा जॉब मापात बसल्याशिवाय चहा नाही. मिलिमीटरचे दोन शतांश जास्त निघाला तरी माझा कप बाजूला सरकवायचात. "आदी माप, मग घोट." त्या घोटासाठी मी माप शिकलो, अंथुर्ण्यात स्वतःचं वर्कशॉप टाकलं. पुढं तुम्ही खाटेवरून उठेनासे झालात, तेव्हा तुमचाच नियम मी तुम्हाला लावला. कप ओट्यावर ठेवला, खाटेपासून मोजून सहा पावलांवर. "उठा तात्या. हितवर या, मग च्या." तुम्ही कपाकडं बघत होतात. पाय चालत होते तुमचे, सकाळीच मोरीपर्यंत जाऊन आला होतात. "ऱ्हाऊ दे," म्हणालात. आई भडकली, "आरं, दे की त्यांच्या हातात! माणूस हाय का लेथ?" मी म्हणालो, "तू मदी पडू नको. नुसता आळस हाय." चहावर साय धरली. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत.

परवा मेंदूवरचं एक पुस्तक वाचलं. डोपामिनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात, ते नेमकं नाही. चहा गोड लागणं वेगळं आणि त्यासाठी उठावंसं वाटणं वेगळं. ही उठवणारी ओढ बरीचशी त्याच्यावर चालते. कंपवातात ते तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात. म्हणजे चहा तुम्हाला आवडतच होता. ओढ आटली होती, आणि मी लालूच दाखवून तीच तुमच्याकडं मागत होतो. माहीत नव्हतं, असं म्हणून सुटता आलं असतं.

पण हे पत्र कुठं टाकायचं नाही, तर खरं लिहितो. त्याच दिवशी सकाळी मी स्वतः केलेला एक शाफ्ट आणला होता, एका शतांशाचाही फरक नसलेला. तुमच्या मांडीवर ठेवला. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. आळसबिळस काही नाही, तात्या. मला राग त्याचा होता.