बुजवलेलं सानं

सोमवार, ४ जानेवारी १९३२

आज सानंही बुजवलं! बाळंतिणीच्या खोलीच्या माळवदाला तेवढंच एक उजेडाचं भोक उरलं होतं. आत्याबाई स्वतः शिडीनं वर चढल्या, फरशी ठेवून वरून माती थापली. खाली आल्या तेव्हा गुडघा धरून बसल्या. म्हणाल्या, "आता कुटनं येती सटवाई, बघतेच."

माझे दिवस भरत आलेत. बाळंतपण याच खोलीत. पहिली मुलगी झाली तेव्हा खिडकीला नुसती गोधडी टांगलेली. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोर माझ्या कुशीत गार. सगळे म्हणाले, गोधडी सरकली, सटवाईनं खिडकीतून बघितलं. मग मुलाच्या वेळी खिडकीला फळ्या ठोकल्या, वरून शेणमातीनं लिंपलं. तो बारशाआधीच गेला. म्हणे, सान्यातून बघितलं! आता राहिलं एक दार. त्याच्या फटीत चिंध्या कोंबायच्या आहेत.

सासू वाईट असती तर बरं झालं असतं, कडाकडा भांडले असते. पण दोन्ही लेकरांच्या वेळी माझ्याआधी आत्याबाईंनीच अन्न सोडलं होतं. अशा माणसाशी भांडायचं कसं?

गुरुवार, ७ जानेवारी

कालपासून त्या खोलीत निजते. बाजेखाली शेगडी. खोली आधीपासून शेकलेली हवी म्हणे.

सकाळी उठताना भिंत धरावी लागली. डोकं नुसतं ठणकत होतं, मळमळत होतं. पडवीत येऊन बसले, तर हळूहळू उतरलं. पुन्हा आत गेले, पुन्हा तेच. ह्यांना सांगितलं. हे डबा घेऊन गिरणीला निघालेले. म्हणाले, "आईला विचार."

आईला विचार, आईला विचार! ह्यांना आई आहे, बायको आहे, तोंड तेवढं द्यायचं राहिलं देवाचं.

रविवार, १० जानेवारी

मुलगा झाला. निंगव्वा सुईण मला म्हणाली, "गुरम्मा, लई दांडगा हाय की गं." सूर्य वर यायच्या आत घर डोक्यावर घेतलं त्यानं. मी पण रडले. आत्याबाई पण.

सोमवार, ११ जानेवारी

बाळंतिणीनं लिहू नये, डोळे जातात. जाऊ देत मेले. शिसपेन उशीखाली ठेवलीय.

बाजेखाली एक शेगडी, दाराशी धुरीची दुसरी — ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली. दार लावलेलं, फटीत चिंध्या. कोनाड्यात दिवा आहे, तेल काठोकाठ, तरी ज्योत बारीक. वात दोनदा वर सारली. पुन्हा बारीक.

काल बाळ हिसके देऊन दूध ओढत होतं. आज दोन घोट घेतं आणि मान टाकतं. गाल मात्र लाल. आत्याबाई खूष, "बघ, शेकानं कसं गुलाबी झालंय पोर." मुलगी गेली त्या सकाळी तिचेही गाल असेच होते. सांगायला तोंड उघडलं. बोलायला छातीत श्वासच नव्हता.

मंगळवार, १२ जानेवारी

आज कळलं.

आत्याबाई न्हाणीत होत्या. बाळ हातात अगदी चिंधी झालेलं, गालाला बोट लावलं तरी तोंड उघडेना. मला राहवलं नाही. दार ढकलून तशीच पडवीत आले. थंडी मी म्हणत होती. पदराखाली धरून बसले. थोड्या वेळानं त्यानं अंग ताणलं, जांभई दिली, आणि असं भोकाड पसरलं! मग दूध ओढायला लागलं, थांबेचना.

हवा. एवढंच. माझी दोन लेकरं एवढ्याशा हवेवाचून गेली.

आत्याबाई ओल्या लुगड्यानं धावत आल्या. "बाळंतवारा लागंल गं, सटवे! आत चल आदी." मी म्हणाले, "आत त्याला श्वास मिळत नाही. कोंडून मरतंय ते."

त्या थांबल्या. म्हणाल्या, "म्हंजे आधीची दोन बी मीच मारली व्हय?"

त्या खाली बसून रडायला लागल्या. मी बाळाला घेऊन आत गेले. मीच गेले!

बुधवार, १३ जानेवारी

पुन्हा सुस्त. तळपायाला टिचक्या मारल्या तेव्हा कुठं डोळे उघडले. ह्यांच्या पाया पडले. हे म्हणाले, "पाचवी तरी होऊ दे." सिद्धरामेश्वरा, मला वेड लागेल.

गुरुवार, १४ जानेवारी

आज पाचवी. पाटावरवंटा पुजला, भाताचा नैवेद्य झाला. सगळं गाव सिद्धरामेश्वराच्या जत्रेला गड्ड्यावर, आणि आमच्या घरात सटवाईची वाट बघायची रात्र.

दिवेलागणीला मी बाळ उचललं, पडवीतल्या खांबाला पाठ लावून बसले. म्हटलं, आत नेलंत तर बाळासकट आडात उडी घेईन. आणि घेतली असती. निंगव्वानं तोंडावर हात घेतला. हे आत गेले, स्वतःचं घोंगडं आणून माझ्या अंगावर टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आईला न विचारता केलेलं हे पहिलं काम.

आत्याबाईंनी पुजलेला वरवंटा उचलला. त्याला बाळाची कुंची घातली, दुपट्यात गुंडाळला, आत पाळण्यात निजवला. मला म्हणाल्या, "ऱ्हा तू हितं. ती येनार ती खोलीतच. तिला बाळ आत दिसाया पायजे की. मी बसते राखनीला."

मला एवढा आनंद झाला की त्यांचे पायच धरले. थंडी फार आहे, म्हातारं माणूस, म्हणून शेगडी मीच कोळशानं भरून आत दिली. त्यांनी कडी घातली. फटीत चिंध्या कोंबल्याचा आवाज आला. आता आतून पाळणा म्हणतायत, कन्नडातला, वरवंट्याला.

बाळ पोटभर प्यालं. मी जिंकले बाई.

शुक्रवार, १५ जानेवारी

ह्यांनी खांद्यानं दार मोडलं. आत्याबाई गेल्या. हात पाळण्याच्या दोरीवर तसाच.

जमलेल्या बायका म्हणतायत, आजीनं स्वतःला देऊन नातू सोडवला. निंगव्वा म्हणते, सटवाईचं पोट भरलं, आता बाळाला खुशाल आत घे.

मी बाळापुरतीच हवा मागितली. त्यांच्यासाठी मागायचं मला सुचलंच नाही.