सहा गाड्यांचे अभिप्राय

इंदोरा, नागपूर
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय तारा,

जय भीम. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण म्हणून काम फार होतं असं लिहायचं काल ठरवलं होतं, पण ते खरं नाही. जनावरांच्या लसीची फेरी दिवाळीच्या आधीच आटोपली. तीन आठवडे झाले, सकाळी चहा घेतो, कागद काढतो, तुझं नाव लिहितो आणि कागद परत कपाटात ठेवून देतो. आज रविवार आहे. तुझी आई विहारात गेली आहे. अंगणात ऊन आहे तोवर हे पत्र पुरं करायचं, असं मनाशी धरून बसलो आहे. अलीकडे लवकर थकतो बेटा. अंग थकत नाही तेवढं मन थकतं.

तू लिहिलं होतंस की छापील फॉर्मवर लोक नुसतं ‘चांगली आहे’ एवढंच लिहून देतात, त्यातून तुमच्या कंपनीला काही कळत नाही. तेव्हा बाबा, लोक गाडीवर बसून जे बोलतात तेच मला कळवा, असं तुझं म्हणणं होतं. म्हणून आधी तेच लिहितो. जूनमध्ये तुमच्या नव्या मोटरसायकलच्या सहा गाड्या चाचणीसाठी ट्रकमधून लकडगंजला उतरल्या, त्यातल्या चार आमच्या पशुसंवर्धनाच्या लोकांना मिळाल्या आणि दोन जंगल खात्याच्या गार्डांना. चार महिने आम्ही त्या रामटेक, देवलापार, पवनीच्या वाटांवर चालवल्या. वाटा म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. बैलगाडीच्या चाकोऱ्या, धानाचे बांध, नाले.

रुपराव जंगल गार्ड म्हणतो, असं इंजिन त्याने आजवर पाहिलं नाही. कितीही चढ असो, पहिल्या गिअरमध्ये टाकली की गाडी बैलासारखी मान खाली घालून वर जाते. मडगार्ड चाकापासून उंच ठेवलं ते फार चांगलं केलं. जुन्या गाडीत चिखल अडकून चाक जाम व्हायचं आणि काडीने उकरत बसावं लागायचं, तो ताप गेला. पण तोच चिखल आता पाठीवर उडतो, त्यामुळे रुपरावची बायको तुमच्या कंपनीवर नाराज आहे. सायलेन्सर उजवीकडे वर घेतला आहे, तो मांडीला भाजतो. त्यावर जाळी बसवा. सीट उंच आहे. आमची माणसं तुमच्या जाहिरातीतल्या माणसाएवढी लांब नाहीत, थांबलं की एकच पाय जमिनीला लागतो. इंजिनाला हवा देणारी जाळी खाली आहे, नाल्यात गुडघाभर पाणी असलं की इंजिन पाणी ओढतं आणि बंद पडतं. महाल भागातल्या मेकॅनिक मधुकररावांकडे सगळ्या गाड्या दुरुस्तीला जातात, त्यांचं म्हणणं असं की मागचं चाक काढायला जो पाना लागतो तो नागपुरात मिळतच नाही, मग खेड्यात कुठून मिळणार? जंगलात पंक्चर झालं तर माणसाने काय करावं, हे गाडी बनवणाऱ्याने एकदा स्वतः जंगलात उभं राहून बघावं, असं ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले. ते असेच बोलतात.

हे सगळं फॉर्ममध्ये लिहिलं आहे. आता जे फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं ते लिहितो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तू कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने मला एक चित्र काढून दाखवलं होतंस. पाय ठेवायचा दांडा, आणि तो गाडीला धरून ठेवणारा पत्र्याचा तुकडा, ज्यावर पायाने दाबायचा मागचा ब्रेकही बसवला आहे. एवढ्या मोठ्या गाडीत एवढंच माझं आहे बाबा, असं तू म्हणालीस. पत्रा पातळ करून वजन कमी केलं म्हणून तुझ्या साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, हेही सांगितलंस. मी ते कॅलेंडर फेकू दिलं नाही. आपल्या घरात तुझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि आता माझ्या पोरीने काढलेल्या दांड्यावर पाय ठेवून मी कामाला जाणार होतो. जूनमध्ये गाडी हातात आली तेव्हा इंजिन बघायच्या आधी मी खाली वाकून तो दांडा बघितला. देवाजी शेजारी होता. त्याने विचारलं, काय बघून राहिले? मी सांगितलं. त्यानेही आपल्या गाडीचा दांडा वाकून बघितला आणि रुमालाने पुसला.

देवाजीबद्दल तुला काय सांगू? मी कॅम्पवर होतो आणि तुझा दहावीचा गणिताचा पेपर होता, तेव्हा तो रामटेकहून येऊन तुला सेंटरवर सोडून गेला होता आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर उभा होता. वीस वर्षं आम्ही एकत्र लस टोचली. गाडी चालवण्यात माझ्यापेक्षा तो कधीही सरस.

सप्टेंबरच्या शेवटी तो पडला हे तुला माहीत आहे. कसा पडला, ते आम्ही तुला सांगितलं ते खरं नव्हतं.

देवलापारच्या पुढे एक नाला आहे, उतार दगडांचा. देवाजी पुढे होता, मी मागे. त्याच्या कॅरिअरला लसीची बर्फाची पेटी बांधलेली होती. तुमच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की खडबडीत उतारावर दांड्यांवर उभं राहून गाडी चालवावी, त्याने हादरे बसत नाहीत आणि तोल राहतो. खरं आहे ते, आम्हा सगळ्यांना त्याची सवय झाली होती. देवाजी उभा राहिला. अर्ध्या उतारावर त्याचा उजवा पाय एकदम खाली गेला, जसं काही जमीनच नाही. दांडा तुटला होता आणि त्याबरोबर ब्रेकही गेला. गाडी त्याच्या पायावर आडवी पडली. मी आणि शेतातल्या दोन माणसांनी गाडी उचलली. नडगी दोन ठिकाणी मोडली होती. बैलगाडी येईपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तो ओरडला नाही. बर्फाची पेटी फुटली का, एवढंच त्याने विचारलं.

तो तुटलेला तुकडा पाण्याच्या कडेला पडला होता. मी उचलला आणि लसीच्या पिशवीत टाकला. तेव्हा मनात काही लपवायचं नव्हतं, हे तू मान किंवा मानू नको. पण दवाखान्यात आमचे साहेब आले, त्यांनी कसं झालं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आधी देवाजी बोलला, “ओला दगड होता साहेब. घसरलो.” साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते गेल्यावर देवाजी मला म्हणाला, “पोरगी आत्ताच नोकरीवर पक्की होऊन राहिली, आनंदराव. पाय माझा आहे, मी पाहून घेईन. तुम्ही बोलू नका.” मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी त्याचा हात धरला आणि गप्प राहिलो. तारा, मला बरं वाटलं होतं. ते लिहायलाच तीन आठवडे लागले.

दसऱ्याला तू दोन दिवस आलीस. दीक्षाभूमीवरून आपण सरळ रामटेकला देवाजीकडे गेलो. तू त्याच्या प्लास्टरवर हात ठेवून विचारलंस, काका, गाडी कशी वाटली? तो हसत म्हणाला, गाडी एक नंबर आहे, मीच म्हातारा झालो. तू पिशवीतून सही झालेलं पक्क्या नोकरीचं पत्र काढून त्याला दाखवलंस आणि सांगितलंस की संक्रांतीनंतर गाडी बाजारात येणार, पहिल्या खेपेत पाच हजार. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, तरी त्याने ते पत्र वरून खालपर्यंत बघितलं. मी दाराशी उभा होतो. तुझ्या तोंडावर एवढा आनंद मी तुझ्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

तू पुण्याला परत गेलीस आणि चार दिवसांनी मी एकटा त्याच्याकडे गेलो. त्याच्या बायकोने, मनकर्णाने, मला अंगणातच थांबवलं. तू तिला ओळखतेस, ती कधी कोणाला उलटून बोलत नाही. ती म्हणाली, “भाऊजी, वीस वर्षं झाले, हे गाडी चालवून राहिले. आता गावात लोक म्हणून राहिले का देवाजी पिऊन होता. साहेबानं कागदावर लिहिलं, चालवणाऱ्याची चूक. तुम्ही तर मागंच होते. तुम्ही काहून नाही सांगत?” तिला काहीच माहीत नव्हतं. त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी चहा न घेता परत आलो.

त्या आठवड्यात मी एकेक करून बाकीच्या गाड्या महालात मधुकररावांकडे नेल्या. त्यांना एवढंच सांगितलं की दांड्याचा जोड बघा. त्यांनी पत्र्यावर रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबून कोरडं पुसून काढलं आणि वर खडूची पूड चोळली. चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत उमटतं. माझ्या गाडीवर काही उमटलं नाही. दुसरीवरही नाही. रुपरावच्या गाडीवर वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी काळी रेघ हळूहळू वर आली. आम्ही दोघं बघत बसलो. मग आणखी एका गाडीवर आली. आणखी एकीवर. सहापैकी एका गाडीचा दांडा तुटला, तीन गाड्यांना तडा. मधुकरराव कपड्याने हात पुसत म्हणाले की जोड वाईट नाही, ज्याने केला त्याने नीट केला आहे, पत्राच पातळ आहे. डांबरी रस्त्यावर दहा वर्षं काही होणार नाही, पण माणूस त्यावर उभा राहिला की रोज थोडा थोडा फाटणार. या दांड्याचं चित्र कोणी काढलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. रुपरावला त्याच दिवशी गाडी वापरू नको म्हणून सांगितलं, बाकीच्यांनाही.

तिथून मी रामटेकला गेलो आणि देवाजीला सगळं सांगितलं. त्याचं प्लास्टर आता काढलं आहे. पाय दोन बोटं आखूड झाला, किक मारणं आता व्हायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. आमचे साहेब त्याला ऑफिसात बसायचं काम देणार आहेत. देवाजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “रुपरावच्या गाडीलेही?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मले वाटलं, माझ्यापुरतंच आहे. मग लिहा. माझ्यापुरतं होतं तोवर गोष्ट वेगळी होती.” त्याने मनकर्णाला आत बोलावलं आणि माझ्यासमोर तिला खरं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि आमच्यासाठी चहा टाकला. मी नवीन फॉर्म काढला. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो, खाली त्याने सही केली. काय सुधारणा हवी, या शेवटच्या प्रश्नावर त्याने सांगितलेलं शब्दाला शब्द असं: पाय ठेवायचा दांडा फार चांगल्या जागी आहे, उभं राहिलं की थकवा येत नाही, जागा बदलू नये, पत्रा जाड करावा. मग आमच्या साहेबांकडे जाऊन मी माझा पहिला जबाब खोटा होता असं लिहून दिलं. ते माझ्यावर काय ठरवतील माहीत नाही. देवाजीची चूक नव्हती एवढं त्यांनी लगेच कागदावर घेतलं, ते मला पुरेसं आहे.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगतो. सहा फॉर्म, मधुकररावांची चिठ्ठी आणि तुटलेला तुकडा, हे सगळं एका पाकिटात बांधून कपाटात ठेवलं आहे. शुक्रवारी ते तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने जाणार. तू काहीही कळवलंस तरी जाणार, तेव्हा मला थांबवायला पत्र लिहू नको. पण हे पत्र उद्या सकाळीच टाकतो, म्हणजे गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडेल आणि पाकीट पोचायच्या आधी तुला तीन-चार दिवस मिळतील. तेवढ्यात तू स्वतः साहेबांच्या टेबलापाशी जाऊन सांग की माझा पत्रा तुटतो आहे, गाडी थांबवा. दुसऱ्याच्या पाकिटातून ते त्यांना कळायच्या आधी तुझ्या तोंडून कळू दे. ते रागावतील, कदाचित नोकरी जाईल. गेली तर सरळ घरी ये, इथे कोणी तुला एक शब्द विचारणार नाही. मी दवाखान्यात त्या दिवशी गप्प बसलो आणि नंतर बोलणं रोज जड होत गेलं. बेटा, तू पहिल्याच दिवशी बोल.

तुझाच, तुझ्या उत्तराची नाही, तुझी वाट पाहणारा,
बाबा